नर्सबाईंच्या फटफटीचा लाल दिवा

१

दुकान उघडलं की माझं पहिलं काम ठरलेलं असे. रात्रभर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची बुचं काढायची, काचेच्या नळीत एकेका खणातलं ॲसिड ओढून आतला काटा किती तरंगतो ते बघायचं, आणि बॅटरी भरलेली असली की तिच्यावर खडूने मालकाचं नाव लिहायचं. तेवढ्यात शेजारच्या हॉटेलातून उकंडराव ओरडायचा, "अबे माणिक, तुह्या ॲसिडाचा वास माह्या भज्याले लागून राह्यला!"

"त्याच्यानंच तं खपतात," मी म्हणायचो.

मग तो शिव्या देत चहा आणून द्यायचा. आमच्या दोघांचा दिवस असा सुरू व्हायचा.

ही गोष्ट सदुसष्ट सालच्या थंडीतली. बुलढाण्यात तेव्हा फटफट्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्या बहुतेकींच्या तारा माझ्या हाताखालून गेलेल्या. इंजिनाचं काम मी घेत नसे. मी फक्त विजेचा मिस्त्री. वीज मला आवडायची, कारण तिच्यात लपवाछपवी नसते. दिवा लागला म्हणजे कुठेतरी तार जोडली गेली आहे. नाही लागला म्हणजे कुठेतरी तुटली आहे. शोधत बसलं की सापडतं.

त्या दिवशी नारायणराव इंगळे मास्तर आपली फटफटी ढकलत दुकानासमोर आले. थंडीतही घाम फुटलेला, पण चेहऱ्यावर हसू. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हा घरातल्या ताईत-अंगाऱ्यांना आणि भुताखेतांना आपण एकदमच रजा दिली, असं ते मोठ्या खुशीत सांगायचे. त्यांच्या पत्नी सिंधूताई सरकारी दवाखान्यात नर्स. आजूबाजूच्या खेड्यांतून अडलेल्या बाळंतिणींसाठी त्यांनाच बोलावणं यायचं. जिथे बस जात नाही तिथेही वेळेत पोचता यावं, म्हणून नवरा-बायकोने मिळून ही जुनी फटफटी अकोल्याला एका लिलावात घेतली होती. आधी कुणाची होती ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही नाही.

"जय भीम, मिस्त्री," मास्तर म्हणाले. "संध्याकाळी चांगली उभी करतो. सकाळी पाह्यलं तं मेलेली. हॉर्न नाई, दिवा नाई, ठिणगी नाई. आठ दिवसांत चौथी डाव."

"बॅटरी म्हातारी झाली असंन."

"दिवाळीले तुमीच नवी दिली ना!"

उकंडराव हॉटेलातून खो खो हसला. मी मान खाली घालून गाडी आत घेतली.

२

बॅटरी काढून दोन दिवस बाकावर ठेवली. जशीच्या तशी भरलेली राहिली. म्हणजे बॅटरीचा दोष नाही. इंजिन चालू करून हेडलाइटवरच्या मीटरचा काटा पाहिला. चार्जिंग झकास. म्हणजे तिथेही दोष नाही. मग उरलं एकच. गाडी उभ्या-उभ्या करंट खाते.

यावर माझी साधी युक्ती होती. बॅटरीची एक तार सोडायची आणि मधे एक बारका दिवा जोडायचा. गाडी गुपचूप करंट ओढत असेल तर हा दिवा पेटतो आणि चोर सापडतो. दिवा जोडला, गाडी स्टँडवर उभी केली, चावी काढून खिशात टाकली. दिवा काळाच. अर्धा तास गेला, तरी काळाच.

दुपार झाली. उकंडरावाच्या हॉटेलात रेडिओवर सिलोन लागलं. मी गाडीकडे पाठ करून दुसऱ्या कुणाच्या हॉर्नची तार सोलत होतो. समोर भिंतीशी पत्र्याचा एक चकचकीत डबा ठेवला होता. त्या डब्यावर लाल उजेड पडला. गेला. पुन्हा पडला, गेला.

मी वळलो. फटफटीच्या मागचा ब्रेकचा दिवा उघडझाप करत होता, आणि त्याच्याबरोबर माझा बारका दिवाही.

"सापडला!" मी मांडीवर थाप मारली.

ब्रेकच्या दिव्याची रचना अगदी साधी असते. या गाडीला ब्रेक डाव्या पायाखाली, आणि त्याचा दिवा चावी नसतानाही लागणारा. पायडल दाबलं की एक स्प्रिंग ओढली जाते, स्प्रिंगने स्विच ओढला जातो आणि मागे लाल दिवा लागतो. पाय काढला की विझतो. स्विच अडकला असणार, रात्रभर दिवा जळत राहतो आणि बॅटरी उतरते. मी स्विच खोलला. आत लख्ख. तरी नवा घातला. नवी स्प्रिंग लावली.

दिवा पुन्हा उघडझाप करू लागला.

सीटखालची तार घासली असेल म्हणून पुढून मागेपर्यंत नवी तार ओढली. तरी तेच. एवढ्यात उकंडराव चहा घेऊन आला आणि कप हातात धरूनच गाडीमागे उभा राहिला.

"अबे," तो म्हणाला, "हे तं ताल धरून राह्यली!"

मी ऐकलं, आणि पाहिलं. खरंच. रेडिओवरच्या गाण्याचा ठेका आणि दिव्याची उघडझाप एकमेकांना सोडत नव्हती. कडवं संपून बाजा वाजू लागला की दिवा जरा थांबायचा, पुन्हा ध्रुपद आलं की सुरू. हॉटेलातली दोन गिऱ्हाइकंही बघायला आली. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. उकंडरावाने तर गाडीला फर्माईश विचारली.

"आवाजानं पत्रा थरथरते," मी शहाणपणा सांगितला. "त्याच्यानं स्विच हालत असंन. रेडिओ बंद कर बरं."

तो गेला आणि त्याने गाणं मधेच तोडलं.

दिवा आणखी चार वेळा लागला आणि विझला. त्याच ठेक्यात. तोडलेली ओळ कुणीतरी मनातल्या मनात पुरी करावी तसा. मग एकदा लागला तो लागलेलाच राहिला.

"आता?" उकंडराव दारातून म्हणाला.

"आता पाह्यतो," मी म्हणालो. त्याची भजी जळत होती, तो पळाला.

३

मी गोणपाट अंथरलं आणि पायडलपाशी आडवा झालो. स्विचची स्प्रिंग ओढलेली होती. ती ओढलेली होती, कारण पायडल खाली गेलेलं होतं. फार नाही, अर्धा इंच. स्विच बरोबर होता, तार बरोबर होती, दिवाही बरोबर होता. पायडल दाबलं की दिवा लागावा, आणि पायडल दाबलेलं होतं.

पायडल वर खेचणारी स्प्रिंग ढिली पडली असेल असं वाटून मी खाली बोट घातलं. तेवढ्यात रस्त्यावरून ट्रक गेला, माझं लक्ष उडालं, आणि पायडल आणखी खाली येऊन माझं बोट चेमटलं.

"आई गं!" मी ओरडलो.

पायडल झटकन वर गेलं. दिवा विझला.

मी बोट तोंडात धरून तसाच पडून राहिलो. बाजारच्या गर्दीत चुकून आपल्या पायावर कुणाचा पाय पडतो, आपण ओरडतो आणि तो माणूस चट्‌कन पाय उचलतो. अगदी तसं ते वर गेलं होतं. त्यात ओशाळलेपण होतं. लोखंडाला मी कधी ओशाळलेलं पाहिलं नव्हतं.

दुकान तेच होतं. दुपारचं ऊन दारातून अर्ध्या फरशीपर्यंत आलेलं. बाकावरच्या बॅटऱ्यांमधून बारीक बुडबुड्यांचा आवाज येत होता. मी स्वतःशी कारणं मांडली. थंडीने ग्रीस घट्ट झालं असेल. ट्रकच्या हादऱ्याने सुटलं असेल. तिसरं कारणही सुचलं, पण ते पुरं होईपर्यंत माझी नजर सीटवर गेली. उन्हात सीटवरची धूळ स्पष्ट दिसत होती. सगळ्या सीटवर धूळ होती. मागच्या भागावर, एका माणसाच्या बसण्याइतक्या जागेत, नव्हती.

मी उठलो आणि उकंडरावाच्या हॉटेलात जाऊन भट्टीजवळच्या बाकावर बसलो. तिथे ऊबही होती आणि माणसंही.

तासाभराने परत येऊन मी धंदेवाईक माणसाने करावं ते केलं. ब्रेकच्या दिव्याची तारच काढली आणि टोकाला पट्टी गुंडाळली. दिवा नाही तर करंट नाही, करंट नाही तर भानगड नाही.

संध्याकाळी मास्तर आले. "ब्रेकच्या दिव्यात फॉल्ट होता," मी सांगितलं. "तार तोडून टाकली. हात दाखवून गाडी थांबवत जा."

"पाहा," मास्तर खूश होऊन म्हणाले, "शेवटी कारण सापडलंच!"

मी "हाव" म्हणालो आणि चेमटलेलं बोट मागे लपवलं.

४

बॅटरी आठ दिवस ठणठणीत राहिली. नवव्या दिवशी दुपारी सिंधूताई आल्या. एकट्या. दवाखान्यापासून उतार असल्याने फटफटी त्यांनी स्वतःच ढकलत आणली होती. पांढरं पातळ, काखेत पिशवी, आणि बघावं तेव्हा घाईत असलेला चेहरा. त्या दिवशी मात्र घाई नव्हती.

"भाऊ, ब्रेकचा दिवा परत लावून द्या."

"ताई, त्याच्यातच तं फॉल्ट हाये. दिवा लावला का बॅटरी उतरते."

"उतरू द्या."

"काऊन पण?"

त्यांनी हॉटेलाकडे नजर टाकली. उकंडराव गिऱ्हाईकात गुंतलेला होता. त्या स्टुलावर बसल्या आणि आवाज खाली आणला.

"ह्याइले सांगू नका. दिवा होता तवा मले समजत होतं. कॉलवर निघालो का मी आधी मांगून दिवा पाहत होती. लाल नसला तं नीट बसत होती. लाल असला तं जराशी समोर सरकून बसत होती."

"समोर काऊन?"

"मांगं जागा सोडाले." पिशवीचा बंद त्यांनी बोटाला गुंडाळला. "आता दिवा नाई, तं समजत नाई. परवा मी तशीच बसली. अन् बसल्यावर समजलं."

बाकावर बॅटऱ्यांचे बुडबुडे चालू होते. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी हसतो की काय, की पळतो, याचा अंदाज घेत असाव्यात. मी माझं काळं पडलेलं बोट पुढे केलं आणि त्या दुपारची हकीकत सांगितली. रेडिओपासून धुळीपर्यंत सगळी.

त्यांचा श्वास मोकळा झाला. "म्हणजे मी एकटीच नाई," त्या म्हणाल्या, आणि चक्क हसल्या. "गाणे आवडते होय त्या बाईले!"

"पण ताई, तुमी तं असलं काही मानत नाई."

"नाईच मानत," त्या ताठ होऊन म्हणाल्या. "हे बी नाई, मी बी नाई. पण भाऊ, बसाले जागा तं लागते ना!"

आम्ही दोघंही हसलो. हसता हसता मला थंडी वाजली.

"तरास देते का?"

"नाई. गप बसते. वळण आलं का माह्या खांद्याले धरते. घट्ट नाई. अनोळखी बाईनं धरावं तशी, भीत भीत."

"मंग मास्तरांना सांगून टाका ना एकडाव."

"सांगितलं तं हे हसतील. हसले तं काही वाटत नाई मले. पण नाई हसले, तं?" त्यांनी फटफटीच्या टाकीवर हात ठेवला. "इकून टाकतील गाडी. मांगच्या साली गाडी नव्हती. मी पायी निघाली होती, भाऊ, अन् मी पोचेपरेंत दोन बाया गेल्या. एक तं अठरा वर्षाची होती. गाडी घेतल्यापासून एक बी गेली नाई. मले मांगं कोण बसते याच्यापेक्षा समोर कोण वाट पाहून राह्यली ते जास्त."

मी दिव्याची तार पुन्हा जोडली. सीटखाली हाताला लागेल असा एक लपवलेला खटका बसवला. रात्री गाडी उभी केली की खटका बंद करायचा, बॅटरी वाचेल. सकाळी निघताना सुरू करायचा, म्हणजे ताईंना काय कळायचं ते कळेल. मास्तरांना त्यातलं काही दिसणार नव्हतं. ताई इतक्या खूश झाल्या की त्यांनी माझ्या बोटाला स्वतः औषध लावून पट्टी बांधली.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. त्या हात धुवायला नळावर गेल्या होत्या, तेव्हा मी टेप काढला होता. ती अनोळखी बाई मागे बसते, तर मग ब्रेक दाबते कशी, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. सीटच्या मागच्या टोकापासून ब्रेकच्या पायडलपर्यंत मोजलं. मग भिंतीला टेकून कमरेपासून टाचेपर्यंत माझा स्वतःचा पाय मोजला. तो चांगला वीतभर कमी भरला.

पुन्हा एकदा सीटपासून मोजलं. आकडा तोच आला. मी टेप गुंडाळून खणात ठेवला आणि खण लावला.

५

महिना बरा गेला. मास्तर जाता-येता हॉर्न वाजवून हात करायचे. ताई मागे बसलेल्या असायच्या, कधी सीटवर ऐसपैस, कधी मास्तरांच्या पाठीला चिकटून. चिकटून बसलेल्या दिसल्या की उकंडराव डोळा मारायचा. "अबे, लग्नाले दहा वर्ष झाले, तरी पाह्य कसे बसतात!" मी हो ला हो म्हणायचो.

मग एका सकाळी, आठच्या सुमाराला, मास्तर गाडी ढकलत आले. मागे जवळजवळ पळत ताई, आणि त्यांच्यामागे सायकल हातात धरलेला एक म्हातारा शेतकरी. अर्जुनराव त्याचं नाव. देऊळघाटच्या पुढे, सडकेपासून दोन मैल आत, त्याचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. त्याची लेक रुख्मिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि कालपासून अडली होती.

"पाय बाहेर दिसून राह्यला पोराचा," अर्जुनराव म्हणाला.

रात्री ताई दवाखान्यात ड्युटीवर होत्या. सीटखालचा खटका बंद करायचा राहून गेला होता, आणि बॅटरी पार उतरली होती. मी विचारात वेळ घालवला नाही. बाकावर रंगराव नावाच्या गिऱ्हाइकाची भरलेली बॅटरी होती, ती उचलून यांच्या गाडीत बसवली. उकंडरावाच्या चुलीवर ताईंनी कात्रीची डबी उकळायला ठेवली होती. चहाचं आधण बाजूला सारून त्याने डबीला जागा दिली होती, आणि गिऱ्हाइकांना सांगत होता, "थांबा जरा, सरकारी काम चालू हाये."

मास्तरांनी किक मारली. पहिल्याच किकला इंजिन धडधडलं. त्यांनी गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी जागच्या जागी गचका खाऊन बंद पडली. पुन्हा किक, पुन्हा गचका.

"मांगचं चाक फिरत नाई," मास्तर म्हणाले. "ब्रेक जाम झाला वाटते."

मी खाली वाकलो. मास्तरांचे दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले होते. मी दोन्ही पाहिले. पायडल तळापर्यंत दाबलेलं होतं. मागे लाल दिवा निखाऱ्यासारखा स्थिर.

पाना घेऊन मी ब्रेकच्या दांड्याचा नट सैल करायला लागलो. नट सैल झाला की ब्रेकही सैल पडायला हवा. मी एक आटा सैल केला, पायडल तेवढंच खाली गेलं. आणखी दोन आटे सोडले, ते आणखी खाली गेलं. मी जेवढं सोडावं तेवढं कुणीतरी दाबून घेत होतं. चाक सुटेना.

"बाई, पाया पडतो," अर्जुनराव रडकुंडीला आला होता. "चाला ना लवकर."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, डबी उकळली असंन. तुमीच आणा. अन् अर्जुनभाऊ, तुमी सायकलीनं समोर निघा, आमी येऊन गाठतोच तुमाले."

मास्तर हॉटेलात गेले, म्हाताऱ्याने सायकलवर टांग टाकली. दुकानात आम्ही दोघंच उरलो. ताई सीटच्या मागच्या भागासमोर उभ्या राहिल्या. दवाखान्यातल्या रांगेत एखादी घाबरलेली बाई आडवी बसली असली की तिच्याशी बोलावं, तसा त्यांचा आवाज होता. हळू, पण ठाम.

"बाई, पाय काढा. तथी एक पोरगी अडली हाये. पहिलटकरीण हाये. तुमाले यायचं असंन तं चाला, मी नाई म्हणत नाई. पण पाय काढा आता."

काही झालं नाही. हॉटेलात कपबश्या वाजत होत्या.

मग दिवा विझला. पायडल हळूहळू वर आलं. आणि मागच्या चाकाच्या दोन्ही स्प्रिंगा कुरकुरल्या. आखडून बसलेलं माणूस नीट सरकून बसलं की खाट कुरकुरते तशा.

मी नट आवळला. मास्तर रुमालात गरम डबी धरून आले. "निघालं का?"

"निघालं, मास्तर. घाण अडकली होती."

"तरी म्हटलं! बिनकारण काही होत नाई."

"नाई होत," मी म्हणालो.

ताईंनी वाकून दिवा पाहिला आणि मास्तरांच्या पाठीला चिकटून बसल्या. गाडी सुटली. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून बघत होतो. वेग आला तसा ताईंचा पदर सुटला आणि वाऱ्यावर मागे उडू लागला. क्षणभर फडफडला, आणि फडफडायचा थांबला. त्यांच्या मागे कशावर तरी तो लपेटला गेला होता. एका खांद्याची गोलाई मला स्पष्ट दिसली. खांद्याखाली एक कोपर. पदराचं टोक त्यावरून सरकत वर चढत गेलं, ताईंच्या अंबाड्याच्या वर, मास्तरांच्या टोपीच्याही वर, आणि तरी ते कशाला तरी टेकलेलंच होतं.

गाडी वळणावर गेली.

"काय पाहून राह्यला बे?" उकंडराव शेजारी येऊन उभा होता.

"काही नाई. चहा दे."

६

दिवसभर माझ्या हातून एक काम धड झालं नाही. एका बॅटरीवर दुसऱ्याचंच नाव लिहिलं. सडकेकडून फटफट ऐकू आली की मी दारात जायचो. उकंडरावाला वाटलं मला त्या बाळंतिणीची काळजी लागली आहे. तीही होतीच.

चार वाजता कोपऱ्यापासूनच हॉर्न ऐकू आला. मास्तर एका हाताने हँडल धरून दुसरा हात हलवत येत होते. गाडीच्या हँडलला वांग्यांची पिशवी लटकत होती.

"पोरगी झाली!" ते उतरायच्या आधीच ओरडले. "मायलेकी दोघी खुशाल. म्हातारा तं नाचून राह्यला!"

उकंडरावाने आरोळी ठोकून सगळ्या हॉटेलला चहा जाहीर केला. मास्तर बाकावर बसून साग्रसंगीत हकीकत सांगू लागले. ते सगळा वेळ अंगणात बसून होते, त्यामुळे हकीकत मुख्यतः म्हाताऱ्याची आणि त्याच्या म्हशीची होती. पण सगळे कान देऊन ऐकत होते आणि हसत होते. ताई माझ्या दुकानातल्या नळावर हात धुवायला आल्या. डोळे थकलेले, पण चेहरा उजळलेला. मी साबण दिला.

"लय कठीण गेलं का, ताई?"

"लय." त्या कोपरापर्यंत हात चोळत होत्या. "पायाळू होती पोरगी. खोलीत मी, रुख्मिणी अन् तिची माय सुभद्राबाई. तिघीच. मधी रुख्मिणी पार थकून गेली. डोळे फिरवाले लागली. मी म्हटलं, इकडं पाह्य, माह्याकडं पाह्य. तं ते माह्याकडं पाहेच ना. माह्या डोक्याच्या वर पाहे, आढ्याकडं."

नळ तसाच वाहत होता.

"अन् भाऊ, एकदम चेहरा फुलला तिचा. जत्रेच्या गर्दीत आपलं माणूस दिसावं, तसा. मले म्हणते, बाई, ह्या तुमच्या संगं आलेल्या कोण?"

"मंग?"

"मंग काय? म्हटलं, माह्या सोबतच्या हायेत, तू जोर लाव. तिनं लावला. दोन मिनिटात पोरगी रडली." त्यांनी नळ बंद केला. "सुभद्राबाईनं तं काही पाह्यलं नाई. तिले वाटलं लेक बरळून राह्यली."

हॉटेलात हशा पिकला. मास्तर म्हशीची नक्कल करत होते. मी टॉवेल पुढे केला, आणि जे विचारायचं नाही असं महिनाभर ठरवलं होतं, ते माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"ताई, कशी दिसते म्हणून इचारलं का तिले?"

ताईंनी एकेक बोट नीट कोरडं केलं, टॉवेलची घडी घालून माझ्या हातात दिली आणि बाहेर उभ्या असलेल्या फटफटीकडे पाहिलं.

"नाई इचारलं," त्या म्हणाल्या. "तिनं सांगितलं असतं, भाऊ. अन् मले उद्या सकाळी बाळंतिणीले पाहाले परत जायचं हाये."